यष्टींमागचा माणूस

मुलांनो, चिंचणीच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली, की ओली वाळू कशी घट्ट आणि सपाट होते, हे तुम्ही पाहिलेच असेल. संध्याकाळी तेथे क्रिकेटचे दहा डाव एकाच वेळी रंगतात. फलंदाजी करायला सारेच पुढे असतात. गोलंदाजीसाठी भांडणे होतात. पण "यष्टींमागे कोण उभे राहणार?" असे कोणी विचारले, की सगळे इकडेतिकडे पाहू लागतात. शेवटी एखाद्या धाकट्या भावाला किंवा नव्याने आलेल्या मुलाला तेथे उभे केले जाते. चेंडू सुटला तर थेट लाटांपर्यंत त्यानेच पळायचे. चेंडू अडवला तर मात्र त्याचे कौतुक कोणी करत नाही.

आज आपण अशाच यष्टींमागे उभे राहणाऱ्या एका खेळाडूची माहिती घेणार आहोत. त्यांचे नाव चंद्रकांत पंडित. खेळाडू म्हणून त्यांना फार मोठी कीर्ती मिळाली नाही. पण प्रशिक्षक म्हणून त्यांनी जे काम केले, ते भारतात फार थोड्या लोकांना जमले आहे. प्रशिक्षक म्हणजे तुम्ही घरी ज्यांना उस्ताद म्हणाल, तेच.

यष्टिरक्षकाचे, म्हणजे विकेटकीपरचे, काम किती अवघड असते, याचा एक साधा हिशेब करू. कसोटी सामन्यात एका दिवसात साधारण ९० षटके टाकली जातात. एका षटकात सहा चेंडू. म्हणजे यष्टिरक्षकाला दिवसभरात ५४० वेळा खाली बसावे लागते आणि ५४० वेळा उठावे लागते. प्रत्येक चेंडू आपल्याकडेच येणार, असे समजून त्याला तयार राहावे लागते. चेंडू बॅटीला लागून गेला, तर यष्टिरक्षकाचे ते श्रम कोणाच्या ध्यानातही येत नाहीत.

पण या जागेचा एक फायदा आहे. मैदानावरचे बाकीचे खेळाडू यष्टींकडे तोंड करून उभे असतात. यष्टिरक्षकाच्या समोर मात्र सारे मैदान पसरलेले असते. गोलंदाजाचे मनगट कसे वळले, फलंदाजाचा पाय कोठे पडला, कोणता क्षेत्ररक्षक झोपाळला आहे, हे सारे त्याला एका नजरेत दिसते. सामना जणू त्याच्यासमोर उलगडून ठेवलेला असतो.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ फार लोकप्रिय आहे. त्यात एका संघात नऊ खेळाडू असतात. चेंडू फेकणाऱ्याला पिचर आणि फलंदाजाच्या मागे बसून तो झेलणाऱ्याला कॅचर म्हणतात. हा कॅचर म्हणजे आपल्या यष्टिरक्षकाचा भाऊच. त्या खेळातले पुष्कळ नामवंत प्रशिक्षक पूर्वी कॅचर होते. जो टोरी हे त्यांपैकी एक. ते कॅचर म्हणून खेळत. गरज पडली, की ते मैदानातल्या दुसऱ्या दोन जागाही सांभाळत. १९७१ साली त्यांच्या लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यांना मिळाला. मात्र १९६० ते १९७७ या काळात खेळूनही 'वर्ल्ड सीरीज' या अंतिम स्पर्धेत उतरण्याची संधी त्यांना एकदाही मिळाली नाही. पुढे ते प्रशिक्षक झाले. तीन संघांनी त्यांना काढून टाकले. मग १९९५ साली न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने त्यांना बोलावले आणि त्या संघाने १९९६, १९९८, १९९९ व २००० अशी चार वेळा ती स्पर्धा जिंकली. टोरींची ही हकिकत लक्षात ठेवा. पंडितांची गोष्ट तिच्याशी बरीच मिळतीजुळती आहे.

चंद्रकांत पंडित यांचा जन्म ३० सप्टेंबर १९६१ रोजी मुंबईत झाला. दादरच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली ते क्रिकेट शिकले. आचरेकर सर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. तरी त्यांच्या हाताखालून सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, बलविंदरसिंग संधू असे कितीतरी खेळाडू तयार झाले. नुसत्या सरावापेक्षा मुलांनी प्रत्यक्ष सामने खेळावेत, यावर सरांचा भर असे. सामना खेळताना जे कळते ते जाळीत खेळून कळत नाही, असे त्यांचे मत होते.

पंडित उत्तम फलंदाज होते आणि उत्तम यष्टिरक्षकही होते. असा खेळाडू संघाला हवाहवासा वाटेल, असे तुम्हांला वाटेल. ते खरेही आहे. पण त्यात एक अडचण असते. दोन कामे येणाऱ्या माणसाला कधी हे काम मिळते, कधी ते मिळते, आणि कधी दोन्हीही मिळत नाहीत. पंडितांच्या वाट्याला हेच आले.

एप्रिल १९८६ मध्ये ते भारताकडून एकदिवसीय सामने खेळू लागले. स्पर्धा शारजात होती. अंतिम सामना भारत आणि पाकिस्तान यांच्यात झाला. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना या सामन्याविषयी विचारा. ते तुम्हांला पुढचे सगळे सांगतील. भारताने २४५ धावा केल्या. शेवटच्या चेंडूवर पाकिस्तानला चार धावा हव्या होत्या. चेतन शर्मा यांनी चेंडू टाकला आणि जावेद मियांदाद यांनी षटकार मारला. तो चेंडू डोक्यावरून सीमेपार जाताना यष्टींमागून पाहणारे यष्टिरक्षक होते चंद्रकांत पंडित. भारतीय संघात येऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता!

त्याच वर्षी जून महिन्यात इंग्लंडमधील हेडिंग्ले येथे ते पहिला कसोटी सामना खेळले. पण तेथे यष्टिरक्षक होते बडोद्याचे किरण मोरे. पंडित नुसते फलंदाज म्हणून खेळले. भारताने तो सामना जिंकला. सप्टेंबरमध्ये मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, चेपॉकच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धची ती प्रसिद्ध कसोटी झाली. भारताला जिंकायला ३४८ धावा हव्या होत्या आणि भारताचा डाव ३४७ धावांवर संपला. दोन्ही संघांच्या धावा सारख्याच झाल्या! कसोटी क्रिकेटच्या इतिहासात तोपर्यंत असे एकदाच घडले होते. या सामन्यातही पंडित फलंदाज म्हणून होते. त्यांनी ३५ आणि ३९ धावा केल्या. दुसऱ्या डावातल्या त्या ३९ धावांत आणखी एकीची भर पडती तर? पण असा विचार अकराही खेळाडूंनी केला असेल.

पुढच्या वर्षी, ५ नोव्हेंबर १९८७ रोजी, विश्वचषकाचा उपांत्य सामना मुंबईच्या वानखेडे मैदानावर होता. दिलीप वेंगसरकर आजारी पडले आणि पंडितांना त्यांच्या जागी घेतले. समोर इंग्लंडचा संघ होता. ग्रॅहम गूच यांनी झाडू मारावा तसे फटके मारून शतक केले. पंडितांनी २४ धावा केल्या. भारत ३५ धावांनी हरला.

१९९२ पर्यंत पंडित ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. किरण मोरे यांच्या वाट्याला ४९ कसोटी आल्या. यात कोणाचा दोष नाही. मोरे निष्णात यष्टिरक्षक होते आणि संघात यष्टिरक्षकाची जागा एकच असते. पण वर्षानुवर्षे दुसऱ्या क्रमांकावर थांबणे सोपे नसते. संघाबरोबर जायचे, सराव करायचा आणि सामन्याच्या दिवशी बाहेर बसून पाहायचे, असे अनेकदा घडते.

देशातल्या सामन्यांत मात्र पंडितांनी भरपूर धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांच्या नावावर आठ हजारांहून अधिक धावा आणि २२ शतके आहेत. ते आधी मुंबईकडून खेळले, मग आसामकडून, आणि त्यानंतर मध्य प्रदेशकडून. मध्य प्रदेशचे ते कर्णधार झाले. आता या गोष्टीतला सर्वांत कठीण प्रसंग येतो.

तो समजण्यासाठी रणजी करंडकाचा एक नियम ठाऊक हवा. ही स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली. भारतातली राज्ये आणि काही मोठ्या शहरांचे संघ तिच्यात खेळतात. बाद फेरीचा सामना ठरलेल्या दिवसांत संपला नाही, तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त, तो संघ विजयी ठरतो. म्हणून पहिल्या डावातली आघाडी मिळाली, की निम्मी लढाई जिंकली असे खेळाडू मानतात.

एप्रिल १९९९ मध्ये बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेश आणि कर्नाटक यांच्यात अंतिम सामना झाला. मध्य प्रदेशने तोवर एकदाही हा करंडक जिंकला नव्हता. फार पूर्वी इंदूरच्या होळकर संघाने तो चार वेळा जिंकला होता, पण तो संघ राहिला नव्हता. या सामन्यात मध्य प्रदेशने पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली. आता फक्त शेवटचा दिवस खेळून काढायचा होता. जिंकायची गरजच नव्हती. सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक त्यांचाच होता. पण कर्नाटकच्या विजय भारद्वाज यांच्या फिरकीपुढे एकामागून एक फलंदाज बाद होत गेले. भारद्वाज यांनी २४ धावांत सहा बळी घेतले. मध्य प्रदेशचा डाव १५० धावांत आटोपला. ते ९६ धावांनी हरले.

कर्णधाराच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करा. हातात आलेली वस्तू निसटली होती. तेव्हा पंडितांचे वय सदतीस वर्षांचे होते. खेळाडू म्हणून पुन्हा अशी संधी येण्याची आशा फारशी नव्हती, आणि ती आलीही नाही.

खेळणे थांबवल्यावर ते प्रशिक्षक झाले. येथे एक प्रश्न तुमच्या मनात येईल. राज्याच्या संघातले खेळाडू मोठे असतात, त्यांना बॅट कशी धरावी हे का शिकवायचे असते? मग प्रशिक्षक करतो काय? खरे म्हणजे या पातळीवर त्याचे काम निराळेच असते. कोणाला कोणत्या क्रमांकावर पाठवायचे, कोणाला विश्रांती द्यायची, कोणाला कान धरून भानावर आणायचे आणि कोणाच्या पाठीवर हात ठेवायचा, हे त्याने ठरवायचे असते. पंधरा-वीस जणांचे स्वभाव ओळखायचे असतात. ज्याने आयुष्यभर यष्टींमागून माणसे पाहिली, त्याला हे काम जमले यात मला तरी नवल वाटत नाही. शिवाय बाहेर बसणाऱ्या खेळाडूच्या मनात काय चालते, हे पंडितांना कोणी सांगायला नको होते.

त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २००२-०३ आणि २००३-०४ असा लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. २०१५-१६ साली ते पुन्हा मुंबईचे प्रशिक्षक होते. त्या वर्षीचा अंतिम सामना फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याजवळ सौराष्ट्राविरुद्ध झाला आणि तिसऱ्याच दिवशी संपला. मुंबई एक डाव आणि २१ धावांनी जिंकली. दुसऱ्या डावात २६ धावांत पाच बळी घेऊन सौराष्ट्राला कोणी गुंडाळले, ठाऊक आहे? आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरने! पालघरहून पहाटेची गाडी पकडून, खांद्यावर क्रिकेटची अवजड पिशवी घेऊन मुंबईला जाणारा हा मुलगा. वाणगाव किंवा बोईसर स्थानकावरून त्या गाड्यांची गर्दी तुम्हीही पाहिली असेल. पुढे २०२३ साली कोलकात्याच्या संघात शार्दूल आणि पंडित पुन्हा एकत्र आले. ईडन गार्डन्सवर शार्दूलने २९ चेंडूंत ६८ धावा केल्या, तेव्हाही प्रशिक्षक पंडितच होते.

पण आपण जरा पुढे गेलो. मुंबईचा संघ म्हणजे रणजीतला सर्वांत यशस्वी संघ. त्याने हा करंडक चाळीसहून अधिक वेळा जिंकला आहे. अशा संघाला जिंकून देण्यात विशेष काय, असे कोणी म्हणू शकेल. त्याचे उत्तर नागपुरात मिळाले.

२०१७ साली पंडित विदर्भाचे प्रशिक्षक झाले. विदर्भ तोपर्यंत रणजीच्या अंतिम फेरीतही कधी पोहोचला नव्हता. त्या संघाचा कर्णधार होता फैज फजल. मुंबईच्या अंजुमन-इ-इस्लाम शाळेतून पुढे आलेला वसीम जाफर आता विदर्भाकडून खेळत होता. रजनीश गुरबानी नावाचा एक तरुण जलद गोलंदाज होता. त्याने इंजिनियरिंगचे शिक्षण घेतले होते. उपांत्य सामना कोलकात्याला कर्नाटकाविरुद्ध झाला. पहिल्या डावात विदर्भ ११६ धावांनी मागे पडला. म्हणजे सामना नुसता वाचवून चालणार नव्हते, जिंकावाच लागणार होता. शेवटी कर्नाटकाला १९८ धावा हव्या होत्या. गुरबानीने सात बळी घेतले आणि कर्नाटकाचा डाव १९२ धावांवर संपला. विदर्भ अवघ्या पाच धावांनी जिंकला!

अंतिम सामन्यात गुरबानीने दिल्लीविरुद्ध लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. विदर्भाचा तरुण यष्टिरक्षक अक्षय वाडकर याने शतक ठोकले. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक उचलला. विजयी फटका वसीम जाफरचा होता. लोक म्हणाले, ही एखाद्या वर्षाची जादू असेल. पण पुढच्या वर्षी विदर्भाने सौराष्ट्राला हरवून करंडक आपल्याकडेच ठेवला.

पंडितांची शिस्त फार कडक म्हणून प्रसिद्ध आहे. वेळ म्हणजे वेळ. एक मिनिट उशीर झालेला त्यांना खपत नाही. संघात नावाजलेला खेळाडू आणि नवा मुलगा यांना एकच नियम. अशी शिस्त सगळ्यांनाच मानवते असे मात्र नाही. कोलकात्याच्या संघातील काही परदेशी खेळाडूंना ती जाचक वाटली आणि त्यांच्यापैकी एकाने तसे उघडपणे सांगितलेही. मोठ्या वयाच्या, नाव कमावलेल्या माणसांना कितपत बांधून ठेवावे, याबद्दल दोन मते असू शकतात. वीस-बावीस वर्षांच्या, अजून काहीच न जिंकलेल्या मुलांना मात्र पंडितांच्या या पद्धतीचा उपयोग झाला, हे निकालांवरून दिसते.

२०२० साली मध्य प्रदेशने त्यांना बोलावले. ज्या संघाचा कर्णधार म्हणून ते हरले होते, त्याच संघाचे ते आता प्रशिक्षक झाले. संघ तरुण होता. कर्णधार आदित्य श्रीवास्तव याचे नाव देशात फारसे कोणाला माहीत नव्हते. कुमार कार्तिकेय हा फिरकी गोलंदाज क्रिकेटसाठी पंधराव्या वर्षी घर सोडून निघाला होता. काही काळ त्याने टायरच्या कारखान्यात काम केले होते. नाव कमावल्याशिवाय घरी परतायचे नाही, असे ठरवून तो नऊ वर्षे घरी गेला नव्हता.

जून २०२२ मध्ये हा संघ रणजीच्या अंतिम फेरीत पोहोचला. सामना कोठे होता? बंगळूरच्या त्याच चिन्नास्वामी मैदानावर. आणि समोर कोण होते? मुंबई, पंडितांचे स्वतःचे शहर, ज्या संघाला त्यांनी तीनदा करंडक जिंकून दिला होता.

मुंबईने पहिल्या डावात ३७४ धावा केल्या. सर्फराज खानने १३४ धावा काढल्या. मध्य प्रदेशकडून यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी शतके केली आणि धावसंख्या ५३६ पर्यंत नेली. म्हणजे १६२ धावांची आघाडी मिळाली. आता पुन्हा तोच प्रसंग आला. आघाडी हातात आहे आणि शेवटचा दिवस उरला आहे. १९९९ साली याच मैदानावर, अशाच वेळी घात झाला होता. त्या दिवशी खेळणारी बहुतेक मुले तेव्हा अगदी लहान होती. त्यांना त्या पराभवाचे ओझे नव्हते. ते ओझे मैदानाबाहेर बसलेल्या एकाच माणसाच्या खांद्यावर होते.

कार्तिकेयने दुसऱ्या डावात चार बळी घेतले. मुंबईचा डाव २६९ धावांत संपला. मध्य प्रदेशला १०८ धावा हव्या होत्या. चार गडी बाद झाले, पण या वेळी घसरगुंडी झाली नाही. २६ जून २०२२ रोजी मध्य प्रदेश सहा गडी राखून जिंकला. रणजी करंडकावर त्यांचे नाव पहिल्यांदा कोरले गेले.

एरवी चेहऱ्यावरची रेषही न हलवणारे पंडित मैदानावर आले आणि त्यांना रडू आवरेना. खेळाडूंनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. तेवीस वर्षांपूर्वी कर्णधार म्हणून जे याच मैदानावर राहून गेले होते ते आज मिळाले, अशा अर्थाचे ते नंतर बोलले. प्रशिक्षक म्हणून त्यांचा हा सहावा रणजी करंडक होता. तीन मुंबईचे, दोन विदर्भाचे आणि एक मध्य प्रदेशचा.

यानंतर ते आयपीएलमधील कोलकात्याच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२४ साली त्या संघाने हैदराबादला हरवून विजेतेपद मिळवले. त्या यशात संघाचे मार्गदर्शक गौतम गंभीर यांचाही मोठा वाटा होता. २०२५ मध्ये पंडितांनी कोलकात्याचे काम सोडले. २०२४ चा तो अंतिम सामना, २६ मे रोजी, चेन्नईच्या चेपॉक मैदानावर झाला. अडतीस वर्षांपूर्वी एका धावेने विजय हुकला होता, ते हेच मैदान. या खेपेला मात्र आठ गडी आणि नऊ षटकांहून जास्त खेळ शिल्लक होता.